गळाच्या रॉडची मूठ: माप घेण्यापासून चिकटवण्यापर्यंत

स्वतःचा रॉड बांधायला घेणारा माणूस बहुधा ब्लँकपासून विचार सुरू करतो. ब्लँक म्हणजे रॉडचा उघडा, निमुळता, आतून पोकळ दांडा. तो किती लांब असावा, किती ताठ असावा, यावर आठवडेच्या आठवडे खल होतो, दोरा ज्यांतून जातो त्या गाइडच्या कड्या आणि धाग्याचे रंग निवडण्यात संध्याकाळी जातात, आणि मुठीपाशी आल्यावर मात्र दुकानात जी असेल ती घेऊन काम भागवले जाते. प्रत्यक्षात खडकवासल्याच्या काठावर पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत उभे राहिले की हातात असते ती मूठच. मनगट दुखते, करंगळीच्या मुळाशी फोड येतो, कास्ट करताना, म्हणजे गळ फेकताना, दांड्याचे मागचे टोक रेनकोटच्या बाहीत अडकते. या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा मुठीची लांबी, तिची जाडी आणि रीलची, म्हणजे दोऱ्याच्या चरखीची, जागा या तीन मापांत सापडते. ही तीन मापे ज्याच्या हातात रॉड राहणार आहे त्याच्याच हातावर घ्यावीत, आणि ती पक्की होईपर्यंत चिकटवायच्या इपॉक्सीची नळी उघडू नये, एवढाच माझा आग्रह आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्याच क्रमाने आहे.

आधी मासा आणि उभे राहण्याची जागा

पुण्याच्या आसपास गळ टाकणाऱ्याच्या गरजा फार वेगवेगळ्या असतात. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, रोहू-कटल्यासाठी कणकेचे किंवा पेंडीचे आमिष लावून बसणाऱ्याचा रॉड नऊ-दहा फुटी असतो आणि दिवसाचा बराचसा वेळ स्टँडवर पडून असतो. तो दोन हातांनी, पूर्ण अंग वळवून, तासातून दोन-तीनदाच कास्ट करतो. त्याला मागची, म्हणजे रीलच्या मागची, मूठ लांब हवी, म्हणजे डाव्या हाताला खाली ओढायला पुरेशी तरफ मिळते, आणि स्टँडवर जिथे दांडा घासतो तिथे झिजणार नाही असा पृष्ठभाग हवा.

मरळीच्या मागे असणाऱ्याचे काम याच्या अगदी उलट आहे. जलपर्णीच्या कडेने रबरी बेडूक फेकायचा, टोक पाण्याकडे झुकवून झटके देत तो ओढायचा आणि पुन्हा फेकायचा, असे सकाळभरात शेकडो वेळा घडते. इथे मागची मूठ लांब झाली की प्रत्येक झटक्याला ती हाताच्या आतल्या बाजूवर आपटते. साडेसहा-सात फुटी रॉडला, रीलसीटच्या (रील बसवायच्या खोबणीच्या) बोट अडकवायच्या खटक्यापासून मागच्या टोकापर्यंत, बावीस ते पंचवीस सेंटिमीटर मला पुरेसे वाटतात.

खडस, म्हणजे आपला महाशीर, ही तिसरी गोष्ट. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतल्या माशावरून. त्यामुळे या माशासाठी पुण्यात रॉड बांधताना मला नेहमीच थोडे जास्त जबाबदार वाटते. तो लागल्याबरोबर प्रवाहाच्या दिशेने धावतो आणि पहिल्या काही सेकंदांत रॉड एका हाताने सावरत नाही. दुसरा हात आपोआप रीलच्या पुढे जातो. म्हणून या रॉडला पुढची मूठ हवी, आणि ती दहा ते तेरा सेंटिमीटर तरी हवी. मासा लवकर काठाशी आणून जिवंत सोडायचा असेल तर हे आणखी महत्त्वाचे ठरते, कारण पकड कमकुवत असली की झुंज लांबते आणि थकलेला मासा सोडल्यावरही वाचेलच असे नाही. चिलापीसारख्या छोट्या माशांच्या हलक्या रॉडला यातले फारसे काही लागत नाही. एका हाताची आखूड मूठ पुरते.

बांबूवरचे माप

लांबी ठरवण्यासाठी ब्लँक लागत नाही. बुरूड आळीतून चार फुटांची, साधारण अंगठ्याएवढ्या जाडीची सरळ बांबूची काठी आणावी, पेरे तासून सपाट करावीत आणि तिच्यावर आपली नेहमीची रील सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट बांधावी. रील खरीच हवी, दोऱ्यासकट. रिकाम्या रीलवर घेतलेले माप नदीवर चुकते.

आता रीलचा पाय नेहमीप्रमाणे बोटांत धरून कोपर काटकोनात दुमडावे आणि रीलच्या पायापासून कोपराच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. माझ्या हातावर ते चौतीस सेंटिमीटर भरते. हा आकडा म्हणजे पाया. एका हाताने सतत फेकायच्या रॉडला मागची मूठ यापेक्षा नऊ-दहा सेंटिमीटर आखूड ठेवावी. दोन हातांनी कास्ट करायच्या जड रॉडला ती कोपराएवढी किंवा कोपराच्या तीन-चार सेंटिमीटर पुढे जाईल अशी ठेवावी, म्हणजे मासा ओढताना दांडा हाताच्या खालच्या बाजूला टेकतो आणि मनगटावरचा भार हातभर विभागला जातो. खडस माशाच्या रॉडला मी यांच्या मधला आकडा, एकोणतीस-तीस सेंटिमीटर, धरतो. जो लाइफ जॅकेट घालतो किंवा जुलै-ऑगस्टमध्ये जाड रेनकोटात उभा राहतो, त्याने हे माप तोच पोशाख अंगावर चढवून घ्यावे. कपड्यांच्या जाडीमुळे कोपर शरीरापासून दूर जाते आणि उन्हाळ्यात सोयीचा वाटलेला दांडा पावसाळ्यात बाहीत अडकू लागतो.

यानंतरची पायरी मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडली आहे. काठीचा मुठीचा सगळा भाग औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या कापडी चिकटपट्टीने गुंडाळावा, ठरवलेल्या लांबीवर काठी कापावी आणि ती घेऊन काठावर जावे. दोऱ्याच्या टोकाला गळ नको. आपला रॉड शेजारी ठेवून दर दहा मिनिटांनी या काठीने फेकण्याची, ओढण्याची, झटका देण्याची हालचाल करावी. आमिष मळताना आणि काठावरच्या मातीत हात मळलेलेच असतात. दोन तासांनी पट्टीकडे पाहिले की हाताचा नकाशा उमटलेला दिसतो. माझ्या एकोणतीस सेंटिमीटरच्या दांड्यावर रीलच्या मागचे नऊ सेंटिमीटर काळपट झाले होते, टोकाकडचे आठ सेंटिमीटर झाले होते, आणि मधले बारा सेंटिमीटर जवळजवळ कोरे राहिले होते. रीलच्या मागचा डागही सरळ नव्हता. तळव्याच्या करंगळीकडच्या उशीखाली तो जास्त गडद होता आणि तिथून तिरका खाली उतरत होता. मूठ नेमकी कुठे फुगीर हवी आणि कुठे बारीक हवी, हे त्या डागाने दाखवून दिले.

अखंड मूठ की तोडलेली मूठ, या वादाचे उत्तरही याच पट्टीवर मिळते. तोडलेल्या मुठीत मधला ब्लँक उघडा राहतो, थोडे वजन वाचते आणि रॉड देखणा दिसतो, म्हणून अनेकजण ती निवडतात. ज्याच्या पट्टीचा मधला भाग कोरा राहिला त्याने ती बिनदिक्कत निवडावी. ज्याचा हात मासा ओढताना वरखाली सरकतो आणि सगळी पट्टी मळते, त्याला अखंड मूठच योग्य आहे, कारण ओल्या हाताखाली उघडा गुळगुळीत ब्लँक आला की पकड सुटते.

रीलची जागा आणि तोल

लांबी ठरली की ब्लँक हातात घ्यावा. रील ठरलेल्या जागी टेपने बांधावी, गाइडही अंदाजाने टेपने चिकटवावेत, आणि रीलच्या पायाजवळ जिथे आपले मधले बोट येते तिथे ब्लँक एका बोटावर तोलून पाहावा. टोक खाली गेले तर तोल बोटाच्या पुढे आहे. दांडा हळूहळू मागे सरकवून तो नेमका कुठे स्थिर राहतो तिथे खूण करावी आणि बोटापासूनचे अंतर मोजावे.

टोक जड लागले की मुठीच्या मागे शिसे भरण्याचा सल्ला लगेच मिळतो, आणि दुसरा सल्ला मिळतो तो रील पुढे सरकवण्याचा. दोन्हींचा हिशेब एकदा करून पाहिलेला बरा. समजा रॉड आणि रील मिळून तीनशे ऐंशी ग्रॅम आहेत, त्यात रील अडीचशे ग्रॅमची आहे, आणि तोल बोटाच्या चार सेंटिमीटर पुढे पडतो आहे. बोटापासून पंचवीस सेंटिमीटर मागे, म्हणजे दांड्याच्या मागच्या टोकाशी, वजन लावून तोल साधायचा असेल तर तीनशे ऐंशी गुणिले चार भागिले पंचवीस, म्हणजे सुमारे एकसष्ट ग्रॅम वजन लागेल. एवढे वजन दिवसभर उचलायचे. आता रील चार सेंटिमीटर पुढे सरकवली तर काय होते ते पाहू. रील बोटाखालीच असल्यामुळे तिचा तोलावर जवळजवळ परिणाम नसतो. पुढे ओढतात ते उरलेले एकशे तीस ग्रॅम, आणि त्यांचे केंद्र बोटापासून पावणेबारा सेंटिमीटर पुढे आहे. चार सेंटिमीटर सरकवल्यावर ते पावणेआठ सेंटिमीटरवर येते, आणि एकूण तोल चार सेंटिमीटरवरून साधारण अडीच सेंटिमीटरवर येतो. शून्यावर येत नाही. म्हणजे निव्वळ रील सरकवून पूर्ण तोल साधायला गेलो तर मागची मूठ बारा सेंटिमीटरने वाढेल आणि बांबूवर घेतलेल्या मापाचा काही उपयोग राहणार नाही.

म्हणून मी एक-दोन सेंटिमीटर रील सरकवतो, गाइड हलके घेतो, कारण टोकाकडे वाचलेला एक ग्रॅम मागे लावलेल्या कितीतरी ग्रॅमच्या तोडीचा असतो, आणि उरलेला फरक राहू देतो. मरळीच्या रॉडला टोक किंचित खाली झुकलेलेच बरे, कारण तो धरलाही खालीच जातो. स्टँडवर ठेवायच्या रॉडच्या तोलावर फार वेळ घालवू नये.

जाडी आणि आकार

हातात सोयीची जाडी शोधायला दुकानात जाण्याची गरज नाही. घरातले लाटणे, हातोडीचा दांडा, बॅडमिंटनची रॅकेट, खराट्याची मूठ, जे जे आपण जोर लावून धरतो ते एकेक हातात घ्यावे, आणि जे सर्वांत सहज वाटेल त्याची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. मूठ वळल्यावर मधल्या बोटाचे टोक अंगठ्याच्या गादीला जेमतेम टेकले पाहिजे. बोट तळव्यात रुतत असेल तर मूठ बारीक आहे, आणि बारीक मूठ आवळून धरावी लागत असल्याने हात कोपरापर्यंत भरून येतो. बोट आणि अंगठा यांत फट राहत असेल तर जाड मूठ ओल्या हातातून फिरते. माझ्या तळव्याला सव्वीस मिलिमीटर जुळतात. माझ्या भाचीसाठी बांधलेल्या हलक्या रॉडला एकवीस पुरले.

आकार सरळ नळीसारखा ठेवला तरी काम चालते, पण पट्टीवर उमटलेल्या गडद डागाखाली एक-दीड मिलिमीटरचा फुगवटा दिला आणि बोटांच्या ठिकाणी तेवढीच उतरण ठेवली, तर मूठ आवळावी लागत नाही. मुठीच्या मागच्या टोकाची गाठ दुसऱ्या हाताच्या करंगळीत अडकेल एवढी मोठी असावी. बोटांसाठी खाचा कोरण्याच्या फंदात मात्र पडू नये. हात दिवसभर एकाच जागी राहत नाही, आणि चुकीच्या जागी आलेली खाच खड्यासारखी टोचते.

बूच की ईव्हीए

मुठीसाठी बूच आणि ईव्हीए फोम हे दोन मुख्य पर्याय. पुण्यात बुचाचे झाड म्हटले की पावसाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे झाड डोळ्यांपुढे येते. त्याची जाड, भेगाळलेली साल पूर्वी बुचाऐवजी वापरली जात असे, पण ती मुठीच्या कामाची नाही. रॉडचे बूच भूमध्य समुद्राभोवतीच्या एका ओक वृक्षाच्या सालीपासून मिळते आणि त्याच्या उत्पादनात पोर्तुगाल आघाडीवर आहे. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी साल सोलली जाते, आणि पहिली सोलणी झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाल्यावर होते. बूच महाग का, हे एवढ्यावरून कळते.

बुचाच्या पेशींत हवा भरलेली असते आणि पेशींच्या भिंती मेणासारख्या द्रव्याने पाणी परतवतात. त्यामुळे बूच हलके असते, डिसेंबरच्या पहाटे हाताला गार लागत नाही, आणि ओले झाले तरी हातातून निसटत नाही. हा शेवटचा गुण आपल्या पावसाळ्यात मोलाचा आहे. त्याचे दोष असे की ते दगडावर आपटले की तुकडा उडतो, घाम आणि पेंडीचे तेल शोषून काळे पडते, आणि त्यातले खड्डे स्वस्त मालात फार असतात. बुचाच्या चकत्या साधारण अर्धा इंच जाडीच्या मिळतात. त्यांच्यावर लिहिलेल्या प्रतीवर विसंबू नये, कारण एकच प्रत दोन ठिकाणी दोन प्रकारची निघते. चकती उजेडासमोर धरून फिरवून पाहावी. आरपार गेलेले खड्डे आणि तपकिरी, भुसभुशीत पट्टे असलेल्या चकत्या बाजूला काढाव्यात, उत्तम चकत्या पट्टीवर जिथे डाग पडला होता त्या जागी वापराव्यात आणि मध्यम चकत्या बाकीच्या ठिकाणी. दोन्ही टोकांना दाणेदार, रबर मिसळलेल्या बुचाची एकेक चकती घातली तर कडा लवकर झिजत नाहीत.

ईव्हीए हा बंद छिद्रांचा फोम. तो पाणी पीत नाही, साबणाने लगेच स्वच्छ होतो, स्वस्त पडतो आणि आयता आकार दिलेला मिळतो. माशाचा चिकट स्राव लागला की मात्र तो बुचापेक्षा जास्त सटकतो. घेताना नखाने दाबून पाहावे. खूण क्षणात भरून आली तर फोम घट्ट आहे. खूण राहिली तर तो वर्षभरात दबून सैल होईल, तो घेऊ नये.

लाकूड दिसायला फार सुंदर, पण जड आणि ओल्या हाताला निसरडे असते. भवानी पेठेतल्या लाकडाच्या बाजारातून शिसवीचा छोटा तुकडा आणून रीलसीटमागे एक कडे बसवावे, त्यापुढे जाऊ नये. उष्णतेने आवळणारी, जाळीदार पोताची नळी मात्र स्टँडवर टेकणाऱ्या भागासाठी मला फोमपेक्षाही पसंत आहे. एकूण मत विचाराल तर मरळ आणि खडस यांच्या रॉडला बूच, आणि स्टँडवरच्या रॉडला ईव्हीएवर अशी नळी.

रीलसीट

रीलसीटवरचा सोळा, सतरा, अठरा असा आकडा तिच्या आतल्या भोकाचा साधारण मिलिमीटरमधला व्यास असतो. ब्लँकची जाडी सीट येणार त्या जागी मोजावी, मागच्या टोकाशी नव्हे. दांडा निमुळता असल्यामुळे मागच्या टोकाशी चौदा मिलिमीटर असलेला ब्लँक तीस सेंटिमीटर पुढे साडेबारा भरू शकतो. वरच्या बाजूला बसणाऱ्या बेटकास्टिंग रीलला खटका असलेली सीट लागते, खाली लटकणाऱ्या स्पिनिंग रीलला साधी. आपली रील बरोबर नेऊन बसवून पाहणे आवश्यक आहे, कारण रीलच्या पायांची जाडी सारखी नसते आणि काही पाय काही सीटमध्ये कितीही आवळले तरी डुगडुगतात. सीट हातात धरल्यावर आवळायच्या नटाचे आटे तळव्याखाली उघडे येत असतील तर नटाची बाजू फिरवावी किंवा आटे झाकणारी सीट घ्यावी. बारा तासांत उघडे आटे कातडी सोलतात.

ब्लँक आणि सीट यांतली पोकळी भरण्यासाठी आत कडी लागतात, आणि माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. मी मास्किंग टेप सीटच्या पूर्ण लांबीभर सलग गुंडाळला, ब्लँकची चकाकी तशीच ठेवली आणि पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी वापरला. दुसऱ्याच हंगामात उजनीवर एका मोठ्या कटल्याने ओढ घेतली आणि सीट ब्लँकभोवती फिरली. रील आडवी झाली, दोरा कडीत घासला आणि तुटला. घरी येऊन सीट कापली तेव्हा दिसले की इपॉक्सी फक्त दोन्ही टोकांना चिकटला होता, मध्ये नुसता कागद होता आणि तोही ओला. तेव्हापासून मी टेप एक सेंटिमीटर रुंदीच्या तीन-चार कड्यांतच गुंडाळतो, त्यांच्यात अर्धा-पाऊण सेंटिमीटर मोकळी जागा सोडतो, म्हणजे इपॉक्सी ब्लँकपासून सीटपर्यंत सलग पोहोचतो. पोकळी प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटरहून जास्त असेल तर कागदी टेप वापरूच नये. हार्डवेअरच्या दुकानात जिप्समच्या भिंतींचे सांधे भरण्यासाठी जी काचतंतूंची जाळीदार पट्टी मिळते, ती गुंडाळावी. इपॉक्सी तिच्यात मुरतो आणि सगळे मिळून एकच घट्ट कडे तयार होते.

बूच घडवणे आणि भोक मोठे करणे

चकत्या जोडण्यासाठी पाव इंची आट्यांची सळई, दोन वॉशर आणि दोन नट पुरतात. सळईला आधी मेण चोळावे, नाहीतर मूठ तिलाच चिकटते. पाण्यात न सुटणारा लाकडाचा गोंद प्रत्येक चकतीवर अगदी पातळ पसरावा आणि खड्डे एकाखाली एक येणार नाहीत अशा बेताने चकत्या फिरवून लावाव्यात. नट हाताने आवळावेत, पाना लावू नये. फार आवळले तर गोंद बाहेर पडतो आणि सांधा कोरडा राहतो, फार गोंद लावला तर घासल्यावर बूच खाली जाते आणि गोंदाची कडक रेघ वर उरते, जी बोटांना कायम जाणवत राहते.

रात्रभर सुकल्यावर सळई ड्रिल मशीनमध्ये धरून, दुसरे टोक लाकडी ठोकळ्याच्या भोकात टेकवून मूठ फिरवावी आणि पॉलिश पेपरने आकार द्यावा. आधी ऐंशी नंबर, मग दीडशे, दोनशेवीस आणि शेवटी चारशे. तोंडाला मास्क हवा. दर दोन मिनिटांनी थांबून कॅलिपर लावावा, कारण ऐंशी नंबरखाली बूच लोण्यासारखे उतरते. खड्डे असतील तर याच भुशात गोंद कालवून भरावेत आणि शेवटचा हात पुन्हा फिरवावा. ज्यांच्याकडे ड्रिल नाही त्यांनी भोसरीत एखाद्या लेथवाल्याला मापाचे चित्र काढून द्यावे, पण चित्रावर जाडी दर दोन सेंटिमीटरला लिहून द्यावी.

आतले भोक ब्लँकच्या मापाचे करणे हे सर्वांत संयमाचे काम आहे. तुटलेल्या जुन्या रॉडच्या निमुळत्या तुकड्यावर ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी मळसूत्रासारखी तिरकी गुंडाळून चिकटवली की घरच्या घरी उत्तम रीमर तयार होतो. तो मुठीच्या मागच्या, म्हणजे जाड ब्लँक येणाऱ्या बाजूने घालावा, चार-पाच वेळा फिरवावा, काढावा, भुसा झटकावा आणि मूठ ब्लँकवर सरकवून पाहावी. ती ठरलेल्या जागेच्या दोन सेंटिमीटर अलीकडे अडली की आणखी थोडे, एक सेंटिमीटर अलीकडे अडली की अगदी दोन फेरे. शेवटी दोन बोटांच्या जोराने जागेवर जाईल आणि सोडल्यावर आपोआप घसरणार नाही, एवढीच घट्ट हवी. दाबून बसवलेले बूच चिकटवताना फाटते, आणि तो आवाज एकदा ऐकला की माणूस पुन्हा घाई करत नाही. ईव्हीएचे भोक ब्लँकपेक्षा एक ते दीड मिलिमीटर लहान असावे. तो ताणून बसतो, पण फार ताणला तर बाहेरून फुगतो आणि कालांतराने चिरतो.

चिकटवणे

चिकटवण्याआधी ब्लँकचा कणा शोधून खूण करावी. ब्लँकचे जाड टोक टेबलावर टेकवून, मधोमध थोडा वाकवून बोटांनी फिरवला की तो एका बाजूला टककन वळून थांबतो. रील आणि गाइड कोणत्या बाजूला घ्यायचे हे त्यावरून काहीजण ठरवतात, तर काहीजण ब्लँक जिथून सर्वांत सरळ दिसतो त्यावरून. मी सरळपणा पाहतो. कोणतीही रीत निवडा, पण खूण आताच करा, कारण सीट चिकटल्यावर निर्णय बदलता येत नाही.

मुठीखाली येणारा भाग दोनशेवीस नंबरच्या पेपरने फक्त चकाकी जाईपर्यंत घासावा, तंतूंना धक्का लागू देऊ नये, आणि स्पिरिटने पुसावा. तोडलेली मूठ असेल तर उघडा राहणारा भाग टेपने झाकावा. मग एकदा सगळे तुकडे कोरडेच ओवून पाहावेत. तुकडे ब्लँकच्या बारीक बाजूने आत येतात, म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी मागची मूठ, मग सीट, मग पुढची मूठ, तिच्या पुढे फट झाकणारे कडे, आणि मागच्या टोकाची टोपी सर्वांत शेवटी. एखादे कडे विसरले तर ते ओल्या इपॉक्सीवरून न्यावे लागते.

इपॉक्सी सावकाश सुकणारा, दोन नळ्यांतला घ्यावा आणि दोन्ही भाग नळ्यांवर सांगितलेल्या प्रमाणातच मोजून कालवावेत. वाटीत ढीग करून ठेवला तर तो स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होतो, म्हणून फॉइलवर पातळ पसरावा. पुण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी हे काम करूच नये, सकाळी लवकर आणि थोडे थोडे कालवून करावे. ब्लँकवर इपॉक्सी पसरून मूठ फिरवत फिरवत खाली न्यावी, म्हणजे तो सगळीकडे लागतो. सीट बसवल्यावर लगेच रील लावावी आणि मागून, एक डोळा मिटून, रीलचा पाय आणि खूण एका रेषेत आहेत का ते पाहावे. दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे, कारण ओल्या इपॉक्सीवर सीट हळूच फिरते. बाहेर आलेला इपॉक्सी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा, झाकलेला टेप घट्ट होण्याआधी काढावा. टोकाची टोपी आत अडकलेल्या हवेमुळे पुन्हा वर येते. सुईने बारीक छिद्र पाडले की हवा निघते आणि टोपी बसते.

रॉड टोक वर करून उभा ठेवावा आणि चोवीस तास त्याला हात लावू नये. डिसेंबर-जानेवारीत, रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास गेले असेल तर अठ्ठेचाळीस तास द्यावेत. त्यानंतर रील आवळून, एका हाताने ब्लँक आणि दुसऱ्या हाताने रील धरून, कपडा पिळल्यासारखा जोर दोन्ही दिशांना लावून पाहावा. किंचितही करकर ऐकू आली किंवा खूण हलली तर सीट कापून पुन्हा बसवावी, कितीही जिवावर आले तरी. काही हलले नाही, तर मूठ झाली. आता गाइडचा धागा काढायला हरकत नाही.